भंगारातला वाजणारा मासा: बागेसाठी नादशिल्प कसं घडवावं

देवळात शिरताना घंटा वाजवायची कुणी कुणाला शिकवत नाही. हात आपोआप वर जातो. हात पोचत नसेल तर बाप पोराला उचलून घेतो. सार्वजनिक जागेत असलेली, कुणीही येऊन हात लावावा आणि तिने उत्तर द्यावं अशी ही आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी वस्तू. मी बागेसाठी काहीही करायला घेतलं की आधी ती घंटा आठवतो. एक हालचाल, लगेच आवाज, सूचनांचा फलक नाही, आणि शेकडो वर्षांच्या हाताळणीनंतरही शाबूत.

भंगारातून शिल्पं आता बरीच होतात. दिल्लीत सराय काले खाँजवळ फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या बागेत सुमारे १५० टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. ते काम मोठं आहे, पण ते बघायचं काम आहे. या लेखात आपण हाताळायचं शिल्प करणार आहोत: जुन्या पाण्याच्या पाइपांचा, घमेल्यांचा आणि फावड्यांचा एक मासा, ज्याच्या बरगड्या भूप रागात वाजतात. लांबी साधारण दोन मीटर, आणि वाजणारा सगळा भाग एकाच वीस फुटी पाइपातून निघतो. वेल्डिंग करणारा एक माणूस, दोन मदतनीस आणि चार-पाच रविवार एवढं हाताशी हवं.

आधी आवाज, मग आकार

बहुतेक जण उलट जातात. आधी मोर ठरवतात, मग त्यात काही हलतं-वाजतं बसवायची धडपड करतात. चंदीगडच्या रॉक गार्डनकडे बघा. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या रानात गुपचूप काम केलं, १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या बाहुल्यांचं अंग फुटक्या बांगड्यांचं आणि कपबश्यांच्या तुकड्यांचं आहे, आणि त्या बाहुल्या तशा दिसतात त्या बांगड्यांमुळेच. म्हणजे साहित्याने रूप ठरवलं. आपल्या कामात रूप ठरवायचं आहे नादाच्या नियमाने.

नियम असा. दोन्ही टोकं मोकळी असलेला लोखंडी पाइप ठोकला की त्याची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बासरीचं तसं नाही. बासरीत हवेचा स्तंभ अर्धा केला की वरचा सा मिळतो. लोखंडी पाइप अर्धा केला तर कंपनसंख्या चौपट होते, म्हणजे आपण थेट दोन सप्तकं वर जातो. पहिल्या वेळी मी हा फरक न समजता अख्खा पाइप बासरीच्या हिशोबाने कापला आणि तो सगळा वाया गेला. एक सप्तक वर जायला लांबी अर्धी करायची नसते, ०.७०७ पट करायची असते.

एकाच व्यासाच्या, एकाच जाडीच्या पाइपासाठी भूपाचे स्वर आणि लांबी मिलिमीटरमध्ये:

सा ६००
रे ५६६
ग ५३७
प ४९०
ध ४६५
सा (तार) ४२४
रे ४००
ग ३७९
प ३४६
ध ३२९
सा (अतितार) ३००

हे अकरा पाइप शेजारी शेजारी उभे धरा आणि मध्य एका रेषेत आणा. मोठ्याकडून लहानाकडे निमुळता होत जाणारा माशाचा काटा तयार झालेला दिसेल. मासा मी शोधून काढला नाही, तो या आकड्यांतच होता.

भूपच का, तर त्यात म आणि नि नाहीत. अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नसल्यामुळे तीन मुलं एकाच वेळी मनाला येईल तिथे ठोकत असली तरी कानाला बोचत नाही. बागेत दिवसभर वाजणाऱ्या गोष्टीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सातही स्वर घालायचा मोह होतो, पण मग पहिल्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतून तक्रार येते.

साहित्य: काय घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही

जुन्या इमारतींत गंजलेले जीआय पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकतात तेव्हा जिन्याखाली पाइपांचा ढीग पडलेला असतो. तो भंगारात जाण्याआधी सोसायटीच्या चेअरमनना गाठा. आपल्याला एक इंची, मध्यम जाडीचा पाइप हवा. बाहेरचा व्यास जवळपास ३३.७ मिमी, भिंत ३.२ मिमी, वजन मीटरला साधारण अडीच किलो. अकरा तुकड्यांची एकूण लांबी ४ मीटर ८४ सेंटिमीटर होते, म्हणजे सहा मीटरच्या एका पाइपातून मीटरभर शिल्लकही राहते. सगळे तुकडे एकाच पाइपातले असतील तर भिंतीची जाडी सारखी मिळते आणि वरचा तक्ता खरा ठरतो. वेगवेगळ्या पाइपांचे तुकडे जमवलेत तर प्रत्येक तुकडा कानाने जुळवावा लागेल.

पाऊण इंची पाइप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याचं तोंड आतून २१-२२ मिमी असतं आणि लहान मुलाचं बोट अडकण्याच्या मापात बसतं. इंची पाइपाचं २७ मिमी असतं. हा सहा मिलिमीटरचा फरक महत्त्वाचा का, ते पुढे येईल.

निवडताना पाइप दोऱ्याने टांगून लाकडाने ठोका. चांगला पाइप दोन-तीन सेकंद गुंजतो. ठप्प आवाज आला तर आत क्षार साचलेत किंवा कुठेतरी तडा आहे. आतले क्षार सळई घालून झाडता येतात. तडा असेल तर तो पाइप सोडून द्या.

डोक्यासाठी झिजलेली दोन लोखंडी घमेली लागतील, तोंडाला तोंड लावून. शेपटीसाठी फावड्याची दोन पाती. डोळ्यासाठी सायकलचं पुढचं हब, फिरतं राहील असं. खांबांसाठी बोअरवेलच्या केसिंगचे किंवा तेवढ्याच जाड पाइपाचे दोन तुकडे. बरगड्या धरायला ४० मिमीचा अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी), साधारण अडीच मीटर. हे सगळं एका मोठ्या भंगार दुकानात तासाभरात मिळतं. भंगारवाल्याला काय करायचंय ते नीट सांगा, चित्र दाखवा. लोहचुंबक न लावता, नुसतं हातात घेऊन कुठला धातू आहे ते सांगणारी ही माणसं आहेत. त्यांचा सल्ला मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे. बीड (ओतीव लोखंड) कुठलं आणि पोलाद कुठलं हे त्यांना विचाराच, कारण बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही. धरल्यासारखं वाटतं आणि पहिल्या धक्क्याला तुटतं.

आता ज्याला हातच लावायचा नाही ते. गॅसचा सिलिंडर कधीही नाही. तो रिकामा दिसला तरी कापताना स्फोट होऊ शकतो, आणि तो कंपनीच्या मालकीचा असतो. रसायनाचे, तेलाचे, पेट्रोलचे बंद पिंप नाहीत, धुतलेले असले तरी नाहीत. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे आणि जुन्या ब्रेकची लायनिंग नाही, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. फ्रिजचे कॉम्प्रेसर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट नाहीत. जुन्या रंगाचे जाड पापुद्रे असलेलं सामान घेतलंत तर रंगात शिसं आहे असंच धरून चाला: ओलं करून खरवडा, कोरडं घासून धूळ उडवू नका, आणि हे काम मुलांच्या शिबिरात ठेवू नका.

आणखी एक, जे बऱ्याच वेल्डरनाही कुणी सांगितलेलं नसतं. जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. त्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून आपल्या रचनेत पाइपाला कुठेही वेल्डिंग नाही. सगळे पाइप बोल्टवर बसतात. वेल्डिंग फक्त अँगल, खांब, घमेली आणि फावड्यांना.

पाइप कापणं आणि जुळवणं

या टप्प्यावर घाई करू नका. शिल्पाचा जीव इथे आहे.

प्रत्येक तुकडा तक्त्यातल्या मापापेक्षा ५ मिमी लांब कापा. हॅक्सॉने किंवा चॉप सॉने, पण काटकोनात. मग दोन्ही टोकं कानशीने थोडी थोडी घासत स्वर चढवत न्या. लांबी कमी झाली की स्वर चढतो. सहाशे मिमीच्या पाइपावर ५ मिमी कमी केले तर कंपनसंख्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे गाणाऱ्या कानाला स्पष्ट कळेल इतकी. तीनशेच्या पाइपावर तेच ५ मिमी अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त फरक पाडतात. म्हणून लहान पाइपांशी जास्त जपून वागा.

सा कुठला धरायचा? नव्यासारख्या इंची पाइपाचा ६०० मिमीचा तुकडा साधारण ५४० हर्ट्झला बोलतो, म्हणजे काळी एकच्या जरा खाली. तुमचा पाइप आतून खाल्लेला असेल तर वेगळा बोलेल. हरकत नाही. जो येईल तो सा. बाकीचे दहा त्याच्याशी जुळवा. मोबाइलवरचं ट्यूनर चालतं, पण बरोबर तानपुरा लावून ठेवा आणि गावातल्या पेटीवाल्यांना एक दुपार बोलवा. ट्यूनरचा काटा पाइपाच्या उपस्वरांनी गोंधळतो. पाइपाचा दुसरा स्वर मूळ स्वराच्या २.७६ पट असतो, तो कुठल्याच सुरात बसत नाही, आणि घंटेसारखा आवाज येतो तो यामुळेच. तो दाबायचा उपायही सोपा आहे: पाइप बरोबर मध्यावर ठोका. मध्यावर त्या दुसऱ्या कंपनाचा स्थिर बिंदू येतो, त्यामुळे ते जागंच होत नाही आणि मूळ स्वर गोल ऐकू येतो. माशाचे सगळे मध्य एका आडव्या रेषेत घेतले ते याचसाठी. मुलाचा हात आपोआप योग्य जागी पडतो.

एखादा पाइप ठोकल्यावर आवाज थरथरतो, वँव-वँव असा. जुन्या पाइपांत हे हमखास होतं, कारण भिंत एका बाजूला जास्त झिजलेली असते आणि पाइप दोन किंचित वेगळे स्वर एकदम काढतो. तो थोडा थोडा फिरवत ठोकून बघा. एका कोनात थरथर नाहीशी होते. तिथे खडूने खूण करा. ती बाजू वाजवणाऱ्याकडे येईल अशी भोकं पाडायची.

भोकं पाडायची जागा

पाइप वाजत असताना त्याचे दोन बिंदू जवळजवळ स्थिर असतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. तिथे धरलं तर नाद टिकतो, दुसरीकडे कुठेही धरलं तर मरतो. मोजण्याआधी हाताने अनुभवा: पाइप दोन बोटांच्या चिमटीत सैल धरा, मध्यावर ठोका, चिमूट सरकवत न्या. एका जागी आवाज एकदम मोकळा होतो. टेपने मोजलं तर तीच जागा निघते.

सहाशेच्या पाइपाला टोकापासून १३४ मिमी, ५६६ ला १२७, ५३७ ला १२०, ४९० ला ११०, ४६५ ला १०४, ४२४ ला ९५, ४०० ला ९०, ३७९ ला ८५, ३४६ ला ७८, ३२९ ला ७४ आणि ३०० ला ६७.

या जागी १३ मिमीचं आरपार भोक पाडा. बोल्ट ८ मिमीचा, आणि त्यावर ठिबक सिंचनाच्या १२ मिमी नळीचा तुकडा चढवायचा, म्हणजे लोखंडाला लोखंड लागत नाही. शेतात ही जुनी नळी वाटेल तेवढी मिळते. भोकं पाडल्यावर स्वर किंचित हलतो, म्हणून शेवटची कानस भोकांनंतरच.

बरगड्या बसवणं

दोन अँगल डोक्याकडे लांब आणि शेपटीकडे जवळ येतील असे बसतात: डोक्याजवळ मध्यरेषेच्या वर-खाली १६६ मिमी, शेपटीजवळ ८३ मिमी. भोकं अगदी सरळ रेषेत येत नाहीत, सात-आठ मिमी आतबाहेर होतात, पण ४० मिमीच्या अँगलमध्ये ते सामावतं. पाइप अँगलवर ठेवूनच खुणा करा, गणितावर विसंबू नका.

दोन पाइपांच्या मध्यांत ९० मिमी अंतर. या आकड्याला कारण आहे. खेळाच्या साधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत दोन प्रकारच्या फटी धोक्याच्या मानतात: ८ ते २५ मिमी, जिथे बोट अडकतं, आणि सुमारे ९ ते २३ सेंटिमीटर, जिथे लहान मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. नव्वदच्या अंतराने पाइपांमध्ये ५६ मिमीची फट राहते. बोट अडकत नाही, डोकं शिरत नाही. पाइप आणि अँगल यांच्यातही ३० मिमी मोकळी जागा ठेवा. त्यासाठी ट्रकच्या टायरचे गोल तुकडे कापून एकावर एक रचा. घमेली, शेपटी, खांब, सगळीकडे टेप घेऊन फिरा आणि प्रत्येक फट या दोन मापांशी ताडून बघा. मी हे काम शेवटी एकदा एकटा करतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घेतो.

बोल्ट गोल डोक्याचे, डोकं वाजवणाऱ्याकडे. मागे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा). पाइप हाताने थोडा डुलेल इतकाच घट्ट करा, आवळलात तर नाद बसतो. शेवटी नटाच्या टोकाला वेल्डिंगचा एक टिपका द्या, नाहीतर पितळ-लोखंड ओळखणारे इतर लोकही बागेत येतात. टिपका देताना शेजारच्या रबरावर ओलं फडकं ठेवा.

टिपऱ्या

सगळ्यात आधी हरवतात त्या टिपऱ्या. आमच्या पहिल्या प्रयोगात दोरीला बांधलेल्या चार टिपऱ्यांपैकी एकही पहिला आठवडा टिकली नाही, आणि लांब दोरी मुलाच्या गळ्यात अडकू शकते हे मला एका मुलाच्या आईने दाखवून दिलं. त्या दिवशी दोऱ्या कापल्या.

आता माशाच्या पोटाखालून एक आडवी सळई टाकतो, तिच्यावर पडद्याच्या कडीसारखी सरकणारी लोखंडी कडी, आणि कडीला जेमतेम ३० सेंटिमीटरची स्टीलची वायर रबरी नळीत घालून. वायर आखूड, पण कडी सरकत असल्याने टिपरी डोक्यापासून शेपटीपर्यंत पोचते. टिपरीचा दांडा तुटक्या क्रिकेट बॅटच्या हँडलचा. त्यात वेत असतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत. डोकं ट्रकच्या टायरच्या रबराचं. कडक रबराने आवाज चिरका येतो, फार मऊने दबतो, त्यामुळे दोन-तीन टायर कापून बघा. दोन्ही बाजूंना दोन-दोन टिपऱ्या द्या. मासा दोन्हीकडून वाजतो आणि समोरासमोर उभी राहिलेली अनोळखी मुलं पाच मिनिटांत सवाल-जवाब सुरू करतात. हे मी प्रत्येक वेळी बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी तिथेच थांबून राहिलो आहे.

उंची, जागा, पाया

देवळाच्या घंटेची एकच उणीव: ती मोठ्या माणसाच्या उंचीवर असते. माशाची मध्यरेषा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर घ्या. तीन वर्षांचं मूल, चाकाच्या खुर्चीवरचं माणूस आणि काठी टेकत आलेले आजोबा, सगळ्यांचा हात तिथे जातो. समोर पायरी नको, खडी नको, फरसबंदी हवी. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी फरसबंदीचा पोत माशासमोर बदला, म्हणजे पायाला कळतं.

जागा झाडाच्या सावलीत घ्या. एप्रिलच्या उन्हातलं लोखंड हाताला चटका देतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे नको. रात्री १० ते सकाळी ६ टिपऱ्या कुलपात राहतील अशी सळईच्या टोकाला सोय करा. आणि रस्त्याच्या कडेला किंवा पदपथावर तर नाहीच: सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिथे पुतळे वा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये असा आदेश राज्यांना दिला आहे. बाग, वाचनालयाचं आवार या जागा बऱ्या. नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी परवानगी मागताना दोन गोष्टी कागदावर आणा: शिल्प कुणाच्या मालकीचं, आणि देखभाल कोण करणार. दुसरा मुद्दा सुटला की तीन वर्षांनी शिल्प पुन्हा भंगारात जातं.

पाया दोन खांबांचा. प्रत्येकी ४५ सेंटिमीटर चौरस आणि ६० सेंटिमीटर खोल खड्डा, काळी माती असेल तर तिच्याखाली मुरूम लागेपर्यंत, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खांबाच्या खालच्या टोकाला दोन सळया आडव्या वेल्ड करा, म्हणजे तो उपटला जात नाही. काँक्रीट १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू, ३ भाग खडी. ओळंब्याने खांब सरळ करा, टेकू द्या, किमान सात दिवस पाणी मारा. काँक्रीटचा माथा सपाट ठेवू नका, खांबाकडून बाहेर उतार द्या. लोखंड सगळ्यात आधी कुजतं ते जमिनीला टेकतं त्या रेषेवर, तिथे पाणी साचलं की झालंच.

मजबुतीचा हिशोब माशाच्या वजनावर करू नका. तीन मोठी माणसं त्यावर चढून फोटो काढतील असं धरून करा. शिल्प दोन मीटरपेक्षा उंच न्यायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्याच.

डोकं, शेपटी आणि रंग

घमेल्यांच्या कडा एकमेकींना पूर्ण वेल्ड करा, तळाला पाणी निघायला ७ मिमीची दोन भोकं ठेवा, नाहीतर आत डासांची पैदास होईल. आतला भाग जोडण्याआधीच रंगवा. फावड्याच्या पात्यांची धार ग्राइंडरने गोल करून त्यावर सळई वेल्ड करा. शेपटी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, तिथे कडा नको.

अँगल आणि खांबांना वायर ब्रश, मग थिनरने पुसून रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात. नुसता इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो. पाइपांवर साधा ऑइल पेंट लावू नका, जस्तावरून तो पापुद्र्यांनी सुटतो. मी पाइप उघडेच ठेवतो आणि फक्त कापलेल्या टोकांना व भोकांच्या कडांना जस्तयुक्त पेंट लावतो. कोकणात, जिथे पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाऱ्यात मीठ असतं, तिथे हा पेंट दरवर्षी लागतो. देशावर दोन-तीन वर्षं निघतात.

लोकांच्या हाती देण्याआधी

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात दहा-बारा मुलांना बोलवा, काही सांगू नका, लांब बसा आणि लिहून घ्या. कोण कुठे चढतं, कशात हात घालतं, कुठल्या पाइपाला लटकतं. एकदा एका मुलाने टिपरी सोडून चप्पलेनेच पाइपांची तोंडं वरून थोपटली आणि वेगळाच घुमणारा आवाज काढला. तो हवेच्या स्तंभाचा नाद होता. तिथे बासरीचाच नियम लागतो, लांबी अर्धी म्हणजे एक सप्तक वर. पुढच्या कामात आम्ही जुन्या ड्रेनेज पाइपांचा चप्पलेने वाजवायचा वेगळा खेळ केला तो त्याच्यामुळे.

जीन टिंग्ली या स्विस शिल्पकाराने १९५९ मध्ये प्रेक्षकाने चालवायची चित्रं काढणारी यंत्रं केली आणि १९७७ मध्ये बाझेल शहरात जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचाचे यांत्रिक भाग वापरून कारंजं उभारलं. ते आजही हलतं आहे, कारण कुणीतरी त्याला तेल देतं. उलट हंपीच्या विठ्ठल मंदिरातले नादस्तंभ इतके ठोकले गेले की आता त्यांना हात लावायला मनाई करावी लागली. दगड बदलता येत नाही. आपला पाइप बदलता येतो, म्हणून माशाचा प्रत्येक भाग सुटा निघेल आणि नवा बसेल असाच ठेवा.

बागेच्या माळीदादांना पहिल्या दिवसापासून कामात घ्या. महिन्यातून एकदा नट बघणं, टिपऱ्यांचं रबर बघणं, पाइपांत गांधीलमाश्यांनी घर केलंय का ते काठीने तपासणं. मे महिन्यात घमेल्यांची भोकं मोकळी करणं. रंगाचं काम खंडेनवमीला धरा. त्या दिवशी हत्यारं पुसून पुजायची सवय आहेच, माशालाही एक हात मिळतो.

अकरा पाइपांच्या लांबीचा आणि भोकांचा तक्ता माळ्याच्या खोलीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा, कागदावर नको. उरलेला मीटरभर पाइप त्याच भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवा ठेवा. तो त्याच जाडीचा आहे, त्यातून सहाशेचा एक सा आणि वरचा, ३४६ चा एक प निघतो.